खासदाराच्या ओळीवर

नारळ आपोआप पडायला लागले तेव्हा एप्रिलचा दुसरा आठवडा चालू होता. दर दीड महिन्याने होणारी पाडणी यंदा झालीच नव्हती. झाडावर सुकलेला नारळ देठातून सुटायचा, गवतात धप्प आवाज व्हायचा, आणि सालोमे हातातलं काम न थांबवता त्या दिशेला बघायची. उचलायला कुणी जात नव्हतं. काही नारळांना पडल्या जागी कोंब फुटले होते.

पाडणीवरची बंदी जमीनमालक सेन्योर उर्बानो आर्सेगाची होती. कसणाऱ्यांच्या नावे जमीन करावी म्हणून वस्तीतल्या अकरा घरांनी जमीन कचेरीत अर्ज केला होता. त्यानंतर आठव्या दिवशी सेन्योरचा कारभारी फाउस्तो घरोघर फिरला. "अर्ज मागे घ्या, मग पाडणी करा. तोवर खाली पडलेला नारळसुद्धा सेन्योरचा. उचलला तर चोरी."

सालोमेच्या नवऱ्याने, देमेत्रियोने, दोन मार्चला चाळीस नारळ उचलले. भर सकाळी, सगळ्यांच्या देखत, अंगणातल्या लोखंडी सुळ्यावर सोलायला बसला. ते माड त्याच्या बापाने लावलेले होते. दुपारी पोलीस आले. साक्षीदार म्हणून फाउस्तोचं नाव होतं. फाउस्तो त्यांच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मबाप, म्हणून तो आणि देमेत्रियो एकमेकांना कुम्पारे म्हणायचे, आणि सालोमेला तो कुमारे. पोलीस दोरी बांधत होते तेव्हाही फाउस्तो म्हणाला, "कुम्पारे, मनगट जरा सैल सोड. काचेल."

तेव्हापासून घरात दोघंच होती, सालोमे आणि तिचा सासरा आपोलोनियो. ती त्याला ताताय, म्हणजे बाबा, म्हणायची. मुलगी मनिलात एका घरी कामाला होती. सालोमे ओहोटीला खाडीत शिंपल्या वेचायची, उरलेल्या वेळात झाप विणायची. सासरा रताळी खणायचा. त्याचा उजवा हात पाच वर्षांपूर्वी माडावरून पडल्यापासून थरथरायचा.

एप्रिलच्या त्याच आठवड्यात रोमुलो आला. तालुक्याच्या रेडिओवर तो सकाळी खोबऱ्याचा आणि मासळीचा भाव सांगायचा, त्यामुळे माणूस दिसायच्या आधीच आवाज ओळखीचा वाटला. यंदा तो आघाडीचं काम करत होता. तीन विरोधी पक्ष एक झाले होते आणि अध्यक्षपदाला त्यांनी सिनेमातला रामिरो दुरान उभा केला होता. दुरानचे सिनेमे वस्तीतल्या प्रत्येकाने पाहिले होते. गरिबाच्या पोरासारखा दीड तास मार खायचा आणि शेवटच्या वीस मिनिटांत सगळा परत करायचा.

"दुरान आला की पहिल्या महिन्यात नारळचोरीच्या सगळ्या केसी रद्द," रोमुलो म्हणाला. "जाहीरनाम्यात आहे. पान नऊ."

"पान नऊवर देमेत्रियोचं नाव आहे का?" तिया सेबियाने विचारलं. ती शेजारची, सत्तरीची, विधवा, सगळ्यांचीच तिया, म्हणजे मावशी. अर्जावर तिचा अंगठा पहिला होता.

"नाव कसं असेल, तिया? अशा हजारो केसी आहेत."

"म्हणजे आम्ही हजारातले एक. बरं. टोपी तरी दे. ऊन फार आहे."

रोमुलोने लाल-पांढऱ्या टोप्या वाटल्या. सालोमेला एक कार्ड दिलं. त्यावर तिचा फोटो चिकटवला होता आणि खाली लिहिलं होतं, आघाडीची पोलिंग एजंट. वस्तीत सहावीपर्यंत शिकलेली बाई तीच होती.

मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं छापलेली नसायची. पद छापलेलं आणि पुढे कोरी ओळ. त्या ओळीवर ज्याला मत द्यायचं त्याचं नाव स्वतःच्या हाताने लिहायचं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी आजवर फाउस्तोला शेजारी बसवून लिहून घेतलं होतं. यंदा ते करायचं नाही असं ठरलं.

रोज संध्याकाळी खोबरं वाळवायच्या बंद भट्टीपाशी सगळे जमायचे. भट्टी थंड होती, पण तिच्यात कोळसा होता. माडाची वाळलेली पोय, म्हणजे फुलोऱ्यावरचं होडीसारखं आवरण, उघडून आतली गुळगुळीत बाजू वर धरायची आणि तिच्यावर कोळशाने लिहायचं. सालोमे प्रत्येकाच्या मागे उभी राहायची, मनगट धरायची. दुरान, रोमन लिपीतली पाच अक्षरं. तिया सेबियाला चार दिवस लागले. माडी काढणारा तियो मार्सेल पहिल्याच दिवशी शिकला आणि मग सगळ्यांच्या चुका काढत बसला.

"सेबिया, तुझा दुरान आडवा झोपलाय."

"तुझ्या माडीचा वास आला असेल त्याला."

आपोलोनियोला तीन आठवडे लागले. हात थरथरायचा, अक्षर पोयीवरून खाली घसरायचं. म्हातारा शिवी द्यायचा, पुसायचा, परत लिहायचा. एकवीस दिवसांनी पाच अक्षरं एका रांगेत उभी राहिली. त्याने ती पोय घरात नेली आणि उशाशी ठेवली.

सभा मतदानाच्या पंधरा दिवस आधी, शनिवारी होती. आघाडीचा ट्रक वस्तीत आला, चाळीस माणसं उभी राहून गेली. बाजारतळावर सावली नव्हती. दुरान अकराला येणार होता. एक वाजला. लोक टोप्या काढून वारा घेत होते आणि परत घालत होते. कुणाला तरी भोवळ आली, त्याला चर्चच्या पायरीवर नेलं. दोन वाजता कळलं की दुरानचं हेलिकॉप्टर दुसऱ्या बेटावर अडकलंय. कर्ण्यावरून त्याचा आवाज लावला. त्या आवाजालाही लोक ओरडले.

मग रोमुलोने माइक घेतला. त्याने एकदाही वस्तीच्या माणसांकडे बघितलं नाही. "आघाडी मोठी होते आहे," तो म्हणाला. "काल रात्री आघाडीत एक मोठा माणूस आला. आपल्या भागातून खासदारकीचे उमेदवार..."

सेन्योर उर्बानो आर्सेगा पायऱ्या चढून वर आला. डोक्यावर लाल-पांढरी टोपी होती. आदल्या आठवड्यापर्यंत तो सरकारी पक्षात होता. तिथे तिकीट दुसऱ्याला मिळालं होतं. रोमुलोने त्याचा हात धरून वर उचलला. बँड वाजला.

सालोमेच्या शेजारी तिया सेबिया उभी होती. तिने टोपी काढली, आतबाहेर उलटीसुलटी करून पाहिली आणि परत घातली.

"ऊन आहे," ती म्हणाली.

व्यासपीठाखाली फाउस्तो खोक्यातून टोप्या वाटत होता. सालोमे दिसली तसा हसला. "कुमारे, आता आपण एकाच घरचे."

ट्रक परत निघाला. रोमुलो शेवटच्या क्षणी मागच्या फळीवर चढला आणि वस्तीपर्यंत आला. "माझ्या हातात काही नव्हतं," तो म्हणाला. "मनिलाहून ठरलं. दुरानला हा प्रांत लागतो, आर्सेगाकडे प्रांत आहे. वर दुरान बसला की खाली आर्सेगा काय करणार? यादी अख्खी लिहा. आघाडी म्हणजे अख्खी यादी."

"पान नऊ अजून आहे का?" सालोमेने विचारलं.

"आहे."

"सेन्योरने वाचलंय?"

ट्रक थांबल्यावर तो उतरला आणि त्याच ट्रकने परत गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार, तुरुंगात भेटीचा दिवस. सालोमेने भात, सुका बांगडा आणि कैरी केळीच्या पानात बांधून नेली. शिपायाने पुडी उघडून भातात बोट फिरवून पाहिलं. भेट अंगणात असायची. कैद्यांनी उकिडवं बसायचं, बायकांनी उभं राहायचं.

देमेत्रियोचे पाय सुजले होते. बोटाने दाबलं की खळगा तसाच राहायचा. तो खोकत खोकत जेवला. पान चाटूनपुसून घडी करून तिच्या हातात परत दिलं.

"फाउस्तो आला होता," तो म्हणाला.

"कधी?"

"काल. सभा झाल्यावर. म्हणाला, वस्तीची निम्म्याहून जास्त मतं सेन्योरला पडली तर मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी फिर्याद मागे. बुधवारी घरी."

"आणि अर्ज?"

"अर्जावर मग बोलू म्हणाला."

सालोमे उभीच होती. त्याच्या डोक्यावरचे केस कुणीतरी कातरीने वेडेवाकडे कापले होते. मानेवर उवांचे चावे होते.

"तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? मत मला नाहीय इथे." तो जमिनीकडे बघत होता. "वस्तीला सांगायचं की नाही ते तू बघ. मी शूर आहे असं सगळ्यांना वाटतंय, होय ना?"

"होय."

"मला घरी यायचंय, सालोमे."

शिपायाने काठी आपटली. ती निघाली. चार मैल चालत आली. वाटेत एकदा ओढ्यात पाय बुडवून बसली आणि पान धुतलं.

सोमवारी संध्याकाळी भट्टीपाशी नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. पंधरा दिवसांनी याच वेळी मतं मोजून होणार होती. पोयी आणल्या होत्या, पण कुणी लिहीत नव्हतं.

"दुरानला द्यायचं हे ठरलेलंच आहे," तियो मार्सेल म्हणाला. "प्रश्न खासदाराच्या ओळीचा."

"सरकारी पक्षाच्या माणसाला द्या," कुणीतरी म्हणालं.

"तो सेन्योरचा मावसभाऊ आहे."

"मग कोरी सोडा."

"कोरी ओळ म्हणजे उघडं दार," तिया सेबिया म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या वेळी सगळ्यांनी कोरी सोडली होती. मोजणीला बसलेल्या माणसाच्या बोटात पेन्सिलीचा तुकडा होता. सगळ्या कोऱ्या ओळी भरून निघाल्या. त्या साली आम्ही सगळ्यांनी सेन्योरच्या बापाला निवडून दिलं, आम्हालाच माहीत नव्हतं." लोक हसले. "ओळ भरायची. कुणाचंही नाव घाला, पण भरा."

"कुणाचं? उभं कोण आहे?"

"उभा असायला कशाला हवा? आपला असला म्हणजे झालं." तिने सालोमेकडे पाहिलं. "देमेत्रियोचं घाला. तो आपल्यासाठी बसलाय तिथे."

मग तियो मार्सेलने पोय उचलून मांडीवर घेतली. "लांब नाव आहे. सालोमे, काढून दाखव."

सालोमे भट्टीच्या कठड्यावर बसली होती. तिने तोंड उघडलं. फाउस्तोचा निरोप जिभेवर होता; चार वाक्यांचा निरोप. समोर तीस-पस्तीस माणसं कोळसा हातात घेऊन बसली होती. त्यातल्या एकानेही नाही म्हटलं नसतं, हे तिला माहीत होतं. उद्या सगळे आर्सेगा लिहायला शिकले असते. तियो मार्सेल पहिल्या दिवशी, तिया सेबिया चार दिवसांत.

तिने पोय घेतली आणि नवऱ्याचं नाव लिहिलं.

"लुळ्या हातांचं काय?" आपोलोनियो म्हणाला. "मला पंधरा दिवसांत दुसरं नाव जमायचं नाही."

"तुम्ही नुसतं दुरान लिहा, ताताय. खालची ओळ कोरी सोडू नका म्हणजे झालं."

"मग खालीही दुरानच लिहितो. दोन ठिकाणी असला तर काय बिघडलं?"

मतदान सोमवारी शाळेत झालं. सहा खोल्यांपैकी दुसरीच्या वर्गात त्यांचं केंद्र होतं. मोठी माणसं पोरांच्या बाकांत गुडघे दुमडून बसली आणि लिहू लागली. उजव्या तर्जनीला निळी शाई लावून घेत एकेक बाहेर पडलं. आपोलोनियोला अठरा मिनिटं लागली. ओफेलियाबाई, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि केंद्राच्या प्रमुख, घड्याळाकडे बघून पुन्हा यादीकडे वळल्या.

सालोमेने सगळ्यात शेवटी मत दिलं. दुरान लिहिलं. उपाध्यक्ष, सिनेटर, एकेक ओळ भरत आली. खासदाराच्या ओळीवर तिने पेन टेकवलं. तिला सुजलेले पाय दिसत होते आणि बोटाने दाबल्यावर राहिलेला खळगा. तिने आर्सेगा लिहिलं. ओळ संपेपर्यंत नीट, शाळेत शिकवलेल्या गोल अक्षरात लिहिलं. घडी घातली, पेटीत टाकली आणि बोट पुढे केलं.

एका मताने काही होणार नव्हतं, हे तिला कळत होतं.

तीन वाजता मोजणी सुरू झाली. एजंटांचा बाक फळ्याच्या बाजूला होता. सरकारी पक्षाचा एक पेंगुळलेला माणूस, मग सालोमे, मग फाउस्तो. आघाडीने एका केंद्रावर दोन एजंट दिले होते. दोघांच्या डोक्यावर सारखीच टोपी होती. वस्तीतली माणसं खिडक्यांना लटकून उभी होती.

ओफेलियाबाई मतपत्रिका उघडायच्या, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायच्या. दुसरी शिक्षिका फळ्यावर लावलेल्या तपकिरी कागदावर रेघ ओढायची. चार उभ्या, पाचवी आडवी.

पहिल्या मतपत्रिकेवर दुरान होता. खिडकीतून आवाज आला. बाई खाली सरकत गेल्या आणि खासदाराच्या ओळीशी थांबल्या.

"देमेत्रियो आब्रिगो," त्यांनी वाचलं. चष्मा पुसला. "उमेदवार नाही. वाया."

तिसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या मतपत्रिकेवर तेच आलं. प्रत्येक वेळी बाई नाव पूर्ण वाचत आणि मग म्हणत, वाया. नाव उच्चारताना त्यांचा आवाज बदलत नव्हता. देमेत्रियो त्यांच्याच शाळेत तिसरीपर्यंत होता.

बाराव्याला फाउस्तो उठला. "बाई, माझी हरकत आहे. हे खुणेचं मत आहे. ठरवून केलेली खूण. कायद्याने अख्खी मतपत्रिका बाद करा."

खिडकीत गलका झाला. अख्खी मतपत्रिका म्हणजे दुरानही गेला असता. बाईंनी टेबलाच्या खणातून नियमांचं पुस्तक काढलं, बोट लावून वाचलं, परत वाचलं.

"खूण म्हणजे एकाची मतपत्रिका बाकीच्यांपासून वेगळी ओळखू यावी अशी गोष्ट," त्या म्हणाल्या. "फाउस्तो, इथे बारातल्या आठांवर हे आहे. यावरून मी कुणाला ओळखू? नाव वाया, मतपत्रिका चालू. तुमचे उमेदवार दुरान त्यावर आहेत. तुम्हीच त्यांचे एजंट ना?"

"आहे."

"मग त्यांचं मत वाचवल्याबद्दल माझे आभार माना आणि बसा."

खिडकीतून हशा आला. फाउस्तो बसला. टोपी मांडीवर ठेवली.

आर्सेगाचं नाव पहिल्यांदा एकोणिसाव्या मतपत्रिकेवर आलं. मग सव्विसाव्या. फाउस्तोच्या घरात चार मतं होती आणि सेन्योरच्या राखणदारांची दोन. वस्तीला हा हिशोब तोंडपाठ होता. दिवेलागणीला गॅसबत्ती आणली तेव्हा सहा रेघा झाल्या होत्या, पाच आणि एक. खिडकीतली माणसं सैल झाली. तियो मार्सेलने कुणाच्या तरी पाठीवर थाप मारली.

एक मतपत्रिका वेगळी आली. ओफेलियाबाईंनी ती बत्तीजवळ नेली. पहिल्या ओळीवर दुरान होता, थरथरतं, खाली घसरलेलं. दुसऱ्या ओळीवर दुरान. सिनेटरांच्या बाराही ओळींवर दुरान. खासदार, राज्यपाल, नगराध्यक्ष, दुरान. बाईंनी एकही ओळ गाळली नाही. पहिलं सोडून प्रत्येक नावापुढे त्या वाया म्हणत गेल्या. आपोलोनियो खिडकीच्या गजाला धरून उभा होता आणि प्रत्येक ओळीला मान हलवत होता.

त्यानंतर सत्तरावी मतपत्रिका आली. बाईंनी ती उघडल्याबरोबर सालोमेला अक्षर दिसलं.

"खासदार," बाईंनी वाचलं. "आर्सेगा."

सातवी रेघ पडली. खिडकीत कुजबुज सुरू झाली आणि पसरत गेली. सालोमे समोर बघत होती. फाउस्तो टेबलाकडे वाकला, कागदावरचं अक्षर पाहिलं आणि हळूच परत टेकला. गेली वीस वर्षं बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, अर्जाच्या कागदांवर त्याने ते अक्षर पाहिलं होतं.

"एकच, कुमारे?" तो कानाशी म्हणाला. "सेन्योरने वस्ती मागितली होती."

सालोमे पुढच्या मतपत्रिकेकडे बघत राहिली.

"मी सांगेन त्याला, तू तरी दिलंस म्हणून. पण एका मताने कोण सुटतं?"

चौऱ्याहत्तर मतपत्रिका झाल्या. खासदाराच्या ओळीवर सरकारी पक्षाला बारा, आर्सेगाला सात, कोऱ्या तीन, आपोलोनियोचा दुरान एक. देमेत्रियो आब्रिगोचं नाव एक्कावन्न वेळा वाचलं गेलं होतं, पण वाया मतांसाठी तपकिरी कागदावर रकाना नव्हता. सालोमेने बाईंना सांगून तिन्ही कोऱ्या ओळींवर तिथल्या तिथे आडवी रेघ मारून घेतली, सह्या केल्या आणि बाहेर आली.

बाहेर कुणी घरी गेलं नव्हतं.

"सात," तिया सेबिया म्हणाली. "सातवं कुणाचं?"

सगळे तियो मार्सेलकडे बघत होते. राखणदारांना रोज माडी तोच द्यायचा.

"माझ्याकडे काय बघताय?" मार्सेल म्हणाला. "मी देमेत्रियो लिहिलं. स्वच्छ लिहिलं."

"तुला सगळंच स्वच्छ लिहिता येतं," तिया सेबिया म्हणाली आणि वळून चालू लागली.

सालोमे आपोलोनियोचा हात धरून मागून चालत होती.

मंगळवारी रेडिओवर रोमुलोचा आवाज लागला नाही. दुसराच कुणीतरी बोलत होता. राजधानीतून आकडे येत होते, दुरान मागे होता, मग थोडा पुढे, मग परत मागे. आर्सेगा मात्र प्रांतात दणक्यात निवडून आला होता. संध्याकाळपर्यंत तुरुंगातून काही निरोप आला नाही.

बुधवारी सकाळी तियो मार्सेल नेहमीप्रमाणे माडावरून उतरला, बांबूचं नळकांडं भट्टीपाशी ठेवलं आणि वाडगे मांडले. ताजी माडी गोड असते, वस्ती कामावर जाताना एकेक वाडगा घ्यायची. त्या दिवशी माणसं आली, भट्टीला वळसा घालून गेली. आठ वाजले. दहा वाजले. मार्सेल उठला नाही. ऊन नळकांड्यावर आलं. फेस चढला, आंबट वास सुटला. पोरांनीही तिकडून जाणं टाळलं.

सालोमे अंगणात झाप विणत होती. तिला तिथून सगळं दिसत होतं. दोनदा झावळीची पात चुकली, उसवून परत घातली.

"मार्सेल अजून बसलाय," आपोलोनियो म्हणाला.

"दिसतंय मला, ताताय."

"त्याने काही सेन्योरला दिलं नसणार. फार बोलतो, पण देणार नाही."

"नाही."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग थरथरत्या हाताने तिच्या मांडीवरचा झाप काढून घेतला. "हा मी धरतो. तू जा."

दुपारी शिंपल्या वेचून परतणाऱ्या बायका भट्टीपाशी पाटी टेकवायला थांबल्या होत्या. तिया सेबियाही होती. सगळ्या मार्सेलकडे पाठ करून बसल्या होत्या. सालोमे मधून चालत गेली, नळकांडं उचललं, वाडगा भरला. माडी पार आंबली होती, जवळजवळ शिरका झाला होता. तिने उभ्याने वाडगा संपवला. डोळ्यांत पाणी आलं.

"सातवं मत माझं," ती म्हणाली.

तियो मार्सेलने वर पाहिलं. बायकांपैकी एकीच्या हातातून शिंपली पडली.

"फाउस्तो तुरुंगात गेला होता. वस्तीने सेन्योरला मतं दिली तर आज देमेत्रियो घरी येणार होता."

"तुला कधी कळलं?" तिया सेबियाने विचारलं.

"सभेच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे त्या संध्याकाळी इथे बसली होतीस तेव्हा माहीत होतं."

"होय."

"आणि त्याचं नाव तूच लिहून दाखवलंस आम्हाला." म्हातारीचा आवाज चढला. "अगं बये, सांगायचं तरी. आम्ही काय माणसं नाही? सगळ्यांनी सेन्योरचं लिहिलं असतं."

"लिहिलं असतं," सालोमे म्हणाली. "म्हणूनच नाही सांगितलं."

माडांत कुठेतरी नारळ पडला. कुणी तिकडे बघितलं नाही.

"अर्ज गेला असता," ती म्हणाली. "अकरा घरांचा. मग एकट्या माझ्या घरासाठी... मला बोलता आलं नाही. आणि पेटीपाशी गेल्यावर मला त्याचं नावही लिहिता आलं नाही. एवढंच आहे."

तिया सेबियाने पाटी बाजूला सारली. गुडघ्यावर हात ठेवून उठली, मार्सेलसमोर जाऊन बसली आणि वाडगा पुढे केला.

"ओत."

"आंबलीय," मार्सेल म्हणाला.

"मला काय जीभ नाही? ओत म्हणते ना."

त्याने ओतली. एकेक करत बायका आल्या. कुणी सालोमेशी बोललं नाही, पण तिला जायलाही कुणी सांगितलं नाही. आंबट माडीने सगळ्यांची तोंडं वाकडी होत होती.

"रविवारी जाशील त्याच्याकडे?" तिया सेबियाने विचारलं.

"जाईन."

"काय सांगशील?"

सालोमेने तर्जनीवरची निळी शाई अंगठ्याने घासली. ती निघत नव्हती.

"आकडा सांगेन," ती म्हणाली. "शाळेत त्याचं नाव एक्कावन्न वेळा मोठ्याने वाचलं म्हणून."

"आणि बावन्नावं?"

"तेही सांगेन."

तिया सेबियाने वाडगा उलटा करून झटकला. "मी येते बरोबर," ती म्हणाली. "चार मैल आहे. सकाळी लवकर निघू. ऊन फार होतं."